शीतकाळातील नौकासहल : एक योजना आणि एक कबुली

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विषय आम्हीच मागून घेतला आहे. येत्या पौष महिन्यात आपल्या समाजातील तरुणतरुणींची तीन रात्रींची नौकासहल भातसा नदीवर न्यावी, नदीकाठी मुक्काम करावा, गळ टाकून मासे धरावे, आणि हे सर्व कसे व कोणत्या अटींवर करावे याची योजना आपणापुढे मांडावी, हा आमचा हेतु आहे. ही सहल मंडळाने ठराव करून सात वर्षांपूर्वी बंद केली, हे आपणांस ठाऊक आहेच. ती ज्यांच्या हयगयीमुळे बंद झाली तेच आम्ही आज ती पुन्हा सुरू करा म्हणून सांगावयास उभे आहोत. तेव्हा योजनेपूर्वी कबुली देणे आमचे कर्तव्य आहे.

त्या वर्षी आम्ही नऊ मुले घेऊन निघालो होतो. होड्या तीन होत्या आणि तरंगण्याची जाकिटे अवघी चार. "नदी हिवाळ्यात शांत असते, गुडघाभर पाण्यात जाकीट कशाला?" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. दुसऱ्या रात्री वाशिंदच्या वरच्या अंगास एका वाळवंटावर तंबू ठोकले. जागा मऊ, सपाट, पाण्याला अगदी लागून; आम्हांला ती फार पसंत पडली. पहाटे तीनच्या सुमारास अंथरुणाखाली गारवा लागला म्हणून एकजण उठला, तो पाणी तंबूच्या खुंट्यांपर्यंत आलेले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, आणि नदी मात्र हातभर चढली होती. दोन होड्या सैल बांधलेल्या होत्या, त्या निघाल्या. त्यांच्यामागे आपला एक मुलगा, अंगावर स्वेटर आणि घोंगडी तशीच, पाण्यात शिरला. पुढे उंबराची एक फांदी पाण्यात लोंबत होती, तिच्यात तो अडकला. खालच्या डोहावर रात्रीची जाळी पाहावयास आलेले एक कातकरी बाबा आरडाओरडा ऐकून धावले. त्यांनी दोर टाकून त्यास ओढून काढले, म्हणून आज आम्ही या व्यासपीठावर मान वर करून उभे राहू शकतो. शेकोटीपाशी बसल्यावर बाबा एवढेच म्हणाले, "इथं रातचं पानी चढतं. इचारलं नाय व्हय कुनाला?"

नव्हते विचारले. दोष नदीचा नव्हता, आणि पाणी सोडणाऱ्यांचाही नव्हता. त्या मुलाच्या आईस आम्ही सारे काकी म्हणतो. निघताना "काकी, काळजी करू नका" असे आम्ही त्यांना सांगितले होते. परंतु काळजी न करण्याजोगे आम्ही काहीच केले नव्हते. मंडळाने सहल बंद केली ती योग्यच केली.

मग आज पुन्हा ती गोष्ट का काढावी? याचे कारण असे की, ठरावाने सहल बंद झाली, परंतु मुले नदीवर जावयाची थांबली नाहीत. पूर्वी ती आमच्याबरोबर पौषात जात. आता ती आपापली, चारचौघे मिळून, आषाढ-श्रावणात खडवलीला आणि धबधब्यांवर जातात. पोहता येत नाही, बरोबर जाणते माणूस नाही, घरी सांगितलेले नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की भातसेत वा उल्हासात कोणी बुडाल्याची वार्ता वाचावी लागते. त्या वार्तेत आपल्या समाजातील नाव केव्हा येईल या विचाराने आमचा जीव थाऱ्यावर राहत नाही. जे टळणार नाही ते शिस्तीत आणावे, हेच शहाणपणाचे, अशी आमची अल्पमति सांगते.

आता नदीविषयी. आपल्या शहापूर-मुरबाडच्या मुलुखात नद्या उदंड. परंतु मार्गशीर्ष उलटला की बहुतेकींचे दगड उघडे पडतात. मुरबाडची काळू माळशेजच्या डोंगरातून मोठ्या डौलाने उतरते, पण पौषात तिच्यात जागोजाग नुसते डोह उरतात. भातसेची गोष्ट निराळी. भातसा आणि चोरणा या नद्यांचे पाणी धरणात अडविले आहे, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेथून जातो. हे पाणी धरणापासूनच नळात घातलेले नाही. ते नदीच्या पात्रातून सोडतात, आणि खाली भिवंडी तालुक्यात पिसे येथील बंधाऱ्याजवळ उचलून घेतात. म्हणून धरणाखालची भातसा भर हिवाळ्यातही वाहती राहते. होडी चालते ती याच कारणाने, आणि रात्री पाणी चढते तेही याच कारणाने. पाणी किती सोडावयाचे हे ऋतूवर नव्हे, गरजेवर ठरते. पाऊस नसताही नदी चढू शकते. ही एक गोष्ट आम्ही त्या वर्षी जाणली असती तर पुढचा प्रसंग घडला नसता.

कोणी विचारील की, तानसा किंवा मोडकसागर यांच्या विस्तीर्ण जलाशयांवर का जाऊ नये? तानसा तलाव १८९२ सालचा, मोडकसागर १९५७ सालचा. दोन्ही मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. भोवतालचे रान १९७० पासून अभयारण्य आहे. तेथे होड्या घालणे, चुली पेटविणे, गळ टाकणे हे आपले काम नव्हे. भातसेच्या मुख्य जलाशयाचीही गोष्ट तीच. शिवाय मोठ्या जलाशयावर दुपारी वारा उठला की लहान होडीला काठ गाठणे कठीण जाते. आपणांस नदी पुरे. तिला दोन काठ असतात आणि दोन्ही दिसतात.

आमची योजना येणेप्रमाणे आहे. सापगावच्या पुलाखालून निघावे आणि खडवलीच्या बऱ्याच अलीकडे, वाशिंदच्या खालच्या अंगास सहल संपवावी. पिशाच्या बंधाऱ्याकडे कोणत्याही सबबीवर जाऊ नये. जेथे पाणी ओढून घेण्याची यंत्रे चालतात तेथे होडीला जागा नाही. दिवसाकाठी सात-आठ किलोमीटरांहून अधिक अंतर कापावयाचे नाही. मधे खडकाळ उतार लागतात; तेथे होडीत बसून पुरुषार्थ दाखवू नये, उतरून होडी खांद्यावर घेऊन काठाने चालावे. वाशिंद हे ठिकाण मुद्दाम निवडले आहे. १८५५ साली आगगाडी येथवर आली, आणि आजही तेथून गाडीने घरी पोहोचणे सोपे. वाटेत कोणी आजारी झाला तर महामार्ग आणि लोहमार्ग दोन्ही जवळ आहेत, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालयही दूर नाही.

काळ पौष शुद्ध दशमीपासून त्रयोदशीपर्यंतचा. यात दोन लाभ आहेत. रात्री चांदणे असते, त्यामुळे पाण्याची रेषा कोठे आहे ते पाहारेकऱ्यास दिसते. आणि पौर्णिमेस म्हशाची जत्रा भरते, तेव्हा ज्यांना हौस असेल त्यांनी घरी जाऊन, अंग शेकून, मग खुशाल म्हशास जावे आणि नवी घोंगडी घेऊन यावे. चांदण्यात मासा गळाला कमी लागतो असे जुनी माणसे मानतात. तसे असेल तर असो. मासे थोडे कमी मिळाले तर बिघडत नाही.

हिवाळाच का, याचेही उत्तर दिले पाहिजे. एक तर पाणी निवळलेले असते आणि तळचा खडक दिसतो. दुसरे, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचे, हे की आपल्याकडचा नदीतला मासा पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने वर चढतो. त्यासच आपण वलगण म्हणतो, आणि त्या वेळी गाभोळीचा मासा मिळतो म्हणून सारे गाव तुटून पडते. खाणाऱ्यास चव मिळते, पण नदीचे पुढचे वर्ष त्या टोपलीत जाते. हिवाळ्यातला मासा पोटात अंडी घेऊन फिरत नाही. तो धरला तर त्याचे एकट्याचेच आयुष्य जाते, त्याच्या कुळाचे नव्हे.

थंडीत मासा सुस्त असतो आणि खोल डोहात बसतो. म्हणून पहाटेच्या धुक्यात उगाच कुडकुडत बसू नये; ऊन चढून डोहाच्या कडेचे पाणी कोमट झाले की, दहापासून तीनपर्यंत, गळ टाकावा. रोहू, मृगळ यांस कणकेची गोळी, मरळ आणि शिंगाळा यांस गांडूळ. वाम खडकाच्या फटीत असते. तिच्यासाठी हात घालू नये. चिलापी गळाला पुष्कळ लागेल. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली आपल्या देशात आणला गेला, आणि पुढे त्याने अनेक तळ्यांतून देशी माशांची जागा घेतली. तो मिळाला तर परत सोडण्याची गरज नाही. बाकी वीतभराहून लहान मासा पाण्यात परत जाईल, आणि त्या दिवशी पानात पडेल तेवढाच ठेवला जाईल. बर्फात घालून घरी नेणे नाही, विकणे नाही, वाटणेही नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे हा कायद्याने गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी ते पाप होते. एका स्फोटाने जेवढे मरते त्यातले बरेचसे तळाशी जाऊन कुजते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नदी आपली नाही. तिच्या काठी कातकरी, ठाकूर, कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आपला गळ हौसेचा, त्यांचे जाळे पोटाचे. ज्या डोहावर त्यांचे जाळे असेल तेथे आपण थांबावयाचे नाही. जेथे मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असेल तेथे संस्थेची लेखी परवानगी आणि जे शुल्क असेल ते आधी द्यावयाचे. वाट दाखविण्यासाठी गावातील दोन जाणते बरोबर घ्यावे, त्यांस ठरलेली मजुरी रोख द्यावी, आणि जेवावयास आपल्या पंक्तीत बसवावे. ज्यांनी आपले मूल काढून दिले त्यांच्याशी आपण मालकपणाने वागू तर ती कृतघ्नता होईल. आणखी असे की, याच शहापूर तालुक्यातून मुंबईस पाणी जाते आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईत नळ सोडणाऱ्या आपल्या मुलांनी हे पाणी कोठून येते आणि कोणाच्या दारावरून जाते ते एकदा डोळ्यांनी पाहावे. या सहलीचे एवढे एक फळ मिळाले तरी ती सार्थकी लागली असे आम्ही समजू.

आता तयारी. ती पौषात नव्हे, भाद्रपदात सुरू होईल. गणपति विसर्जन झाले की ज्यांची नावे आली असतील त्यांनी पोहण्याच्या तलावात शिकावयास जावे. दिवाळीनंतर परीक्षा : अंगावर कपडे असताना पन्नास मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे. जो उतरेल तो येईल. मंडळाच्या पदाधिकाऱ्याचा मुलगा असला तरी दुसरा नियम नाही. त्यानंतर होडीचा सराव. कॅनडातील आदिवासी लोक बर्च वृक्षाच्या सालीची हलकी होडी करीत आणि खडकाळ जागी ती पाठीवर घेऊन चालत. आपल्या कोकणात आंब्याचे खोड कोरून केलेली डोण चाले. आपण भाड्याने घेऊ ती होडी पहिल्या जातीची, हलकी. ती झटक्याने उलटते. म्हणून शांत पाण्यात ती मुद्दाम उलटी करून, तिला धरून राहण्याचा आणि काठास आणण्याचा अभ्यास प्रत्येकाकडून करून घ्यावयाचा. होड्या आणि शिक्षक घ्यावयाचे ते शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे नोंदणी असलेल्यांकडूनच.

माणसे बारा, होड्या चार, प्रत्येकीत तिघे. जाकिटे बारा आणि वर दोन जास्त. जाकीट नाही तर होडी नाही. हा नियम आमच्यासाठीही आहे. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी. एकटी होडी पुढे जाणार नाही, एकटी मागे राहणार नाही. निघण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या कचेरीत जाऊन त्या आठवड्यात पाणी केव्हा सोडणार याची विचारणा करावी. पोलीस ठाण्यास आणि वाटेतील ग्रामपंचायतींस सहलीचा मार्ग व नावांची यादी द्यावी. हीच यादी प्रत्येक घरी राहील.

पौषात सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो आणि उजाडावयास सात वाजतात. म्हणून चार वाजता होड्या काठास लागल्याच पाहिजेत. मुक्काम वाळवंटावर वा खालच्या कातळावर नव्हे. पावसाळ्यातील पुराचा गाळ आणि काडीकचरा झाडांना जेथे अडकलेला दिसतो त्याच्याही वर. होड्या पाण्यातून ओढून, उपड्या करून, झाडास बांधावयाच्या. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर खूण करावी, आणि रात्री दोघादोघांनी पाळीने जागून ती खूण पाहावी. एवढी एक काठी त्या रात्री रोवली असती तर!

थंडीस कोणी हसू नये. आपल्याकडे बर्फ पडत नाही. परंतु ओल्या अंगास पहाटेचा वारा लागला की दात वाजू लागतात, पुढे जीभ अडखळते आणि पाय भलतीकडे पडतो. हे लक्षण दिसताच ओले कपडे काढून कोरडे घालावे, घोंगडी लपेटावी, गुळाचा ऊन चहा द्यावा. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने अंगातली ऊब उलट बाहेर जाते. आणि दारूची बाटली ज्याच्या सामानात सापडेल त्यास तेथूनच घरी पाठविण्यात येईल. प्रत्येकाचा एक कोरडा जोड, कानटोपी आणि पायमोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळे राहतील. त्यांस झोपण्यापूर्वी हात लावावयाचा नाही. काठावर घोणस, फुरसे असते, रानात बिबट्या आहे. अंधारात विजेरीवाचून आणि जोड्यांवाचून कोणी हिंडू नये. सर्पदंश झाल्यास मंत्र-तंत्र नको, चिरा नको. अंग हलू न देता १०८ ची गाडी बोलवावी.

शिधा असा : माणशी दिवसास तांदूळ ३०० ग्रॅम, भाकरीचे पीठ २५० ग्रॅम, डाळ ८० ग्रॅम, गूळ ५० ग्रॅम. बारा माणसे, चार दिवस. म्हणजे तांदूळ साडेचौदा किलो, पीठ बारा, डाळ चार, गूळ अडीच. वर कांदे, मीठ-मसाला, तेल, सुका जवळा. वालाच्या शेंगा त्या दिवसांत काठच्या शेतांत मिळतील. त्या विकत घ्याव्या, तोडून नव्हे. मासा मिळेल असे धरून शिधा कमी करू नये. नदीने आपणास काही कबूल केलेले नाही. आपल्यात माळकरी घरेही आहेत; त्यांची भांडी, चूल आणि पळी निराळी राहील, आणि त्यांच्या मुलांना कोणी चिडविणार नाही. पिण्याचे पाणी नदीचे घ्यावयाचे नाही. रोज सायंकाळी गावातील नळावरून वा हातपंपावरून, विचारून, माणशी चार लिटर भरून आणावे. सरपण पडलेल्या काटक्यांचे. उभ्या झाडास कोयता लागणार नाही. निघताना चुलीची राख गार करून पुरावी आणि कचरा परत आणावा.

शेवटी दोन गोष्टी. मुलींचे काय, असा प्रश्न कार्यकारी मंडळात निघाला होता. बुडणारे पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही. मग पोहण्याचे शिक्षण तरी ते का पाहावे? बारांपैकी निम्म्या जागा मुलींच्या असाव्या आणि दोन जाणत्या भगिनींनी बरोबर यावे, अशी आमची सूचना आहे. दुसरे, सहल संपल्यावर पै-पैचा हिशेब आणि घडलेल्या चुकांची यादी, दोन्ही पुढील स्मरणिकेत छापावी. चुका झाकून ठेवल्याने त्या पुन्हा होतात, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

हे भाषण लिहिण्यापूर्वी आम्ही काकींच्या घरी गेलो होतो. सात वर्षांत या विषयावर त्यांच्याशी बोलण्याचे धैर्य आम्हांस झाले नव्हते. त्यांनी चहा दिला, सर्व योजना शांतपणे ऐकून घेतली, आणि जाकिटे किती हे दोनदा विचारले. मग म्हणाल्या, "थोरल्याला तुम्ही न शिकवता नेलंत. धाकटीला आधी शिकवा, आणि मग न्या. पण या वेळी 'काळजी करू नका' असं मला सांगायचं नाही. काळजी तुम्ही करायची." धाकटीचे नाव यादीत पहिले आहे, आणि आम्ही काळजी करीत आहोत.

मंडळाने जुना ठराव रद्द करून, वर सांगितलेल्या अटींसह, या सहलीस अनुमति द्यावी, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. इत्यलम्.